शासे की तां लिए? आणि वजन मागच्या पायातच का राहतं?

पत्राचा सारांश : पत्र ब्रिटनमध्ये राहणाऱ्या ३६ वर्षांच्या एका वाचक मैत्रिणीचं आहे. शाळेत असताना ठाण्याला भरतनाट्यम शिकल्या, बारावीच्या वर्षी ते सुटलं. दोन वर्षांपूर्वी मोठ्यांच्या बॅले वर्गाला जायला लागल्या. तिथल्या बाई रॉयल अकॅडमी ऑफ डान्सच्या, म्हणजे आरएडीच्या पद्धतीने शिकवायच्या. तो वर्ग लांब गेल्यामुळे आता घराजवळच्या दुसऱ्या वर्गाला जातात. इथल्या बाई रशियन पद्धतीच्या. त्या ‘शासे’ म्हणाल्या की सगळा वर्ग उडी मारतो आणि ह्या मात्र जमिनीवर पाय घसरवत उभ्या राहतात. ‘तुला येतं त्याला इथे तां लिए म्हणतात’ असं शेजारणीने सांगितलं, पण तां लिए करतानाही मध्येच हिसका बसतो आणि बाई दर वेळी ‘वजन मागे राहिलं’ म्हणतात. त्यांचे प्रश्न असे : दोघींपैकी चुकीचं कोण शिकवतंय? आधी फ्रेंच शिकून घ्यावं का? लहानपणी न शिकल्यामुळे तो ओघ आता येणारच नाही का? आणि आरएडीची परीक्षा द्यायची असेल तर जुन्याच वर्गाला परत जावं का?

उत्तर :

चार प्रश्न तुम्ही सविस्तर लिहिलेत आणि हिसक्याबद्दल जेमतेम एक ओळ. मला ती ओळ सगळ्यात कामाची वाटली, त्यामुळे उत्तराचा मोठा भाग तिच्यावरच खर्च करणार आहे. पण आधी दोन बाईंचा निकाल लावून टाकू, कारण तो मनात घोळत असेपर्यंत पायाकडे लक्ष जाणार नाही.

दोघीही बरोबर शिकवतायत. बॅलेची परिभाषा फ्रेंच आहे, कारण चौदाव्या लुईने १६६१ साली पॅरिसमध्ये नृत्याची राजेशाही अकादमी काढली आणि पुढे पायांच्या पाच स्थितींपासून सगळ्याची बांधणी तिथे झाली. नाच फ्रान्सबाहेर पडला तेव्हा नावंही बरोबर गेली, पण एकेका नावाखाली नेमकं काय करायचं हे ज्या त्या शहरातल्या गुरूंनी आपल्या परीने ठरवलं. एन्रिको चेक्केत्ती इटलीचे, त्यांनी पीटर्सबर्गला शिकवलं आणि उतारवयात लंडनला. आरएडी १९२० साली लंडनमध्ये सुरू झाली तेव्हा तिच्या मुळाशी असलेल्या पाच जणांत डेन्मार्कच्या आदेलीन जने होत्या, रशियाच्या तामारा कार्साविना होत्या, शिवाय इटालियन, फ्रेंच आणि इंग्रज वळणाचं एकेक माणूस होतं. म्हणजे तुमच्या जुन्या बाईंची पद्धत मुळातच पाच घराण्यांची मिसळ आहे. नव्या बाईंची पद्धत आग्रिप्पिना व्हागानोवा यांनी लेनिनग्राडमध्ये घडवली, तीही फ्रेंच आणि इटालियन वळणांतून निवडून घेतलेली. अशा परिस्थितीत सगळीकडे एका नावाला एकच हालचाल असती तरच नवल.

आरएडीत आणि चेक्केत्ती पद्धतीत शासे म्हणजे देमी-प्लिएमधून (गुडघे अर्धे वाकवून) पाय जमिनीवरून घसरवत उघड्या स्थितीत, म्हणजे पावलांमध्ये अंतर असलेल्या स्थितीत जाणं. रशियन आणि फ्रेंच वर्गात शासे म्हणजे एक पाऊल दुसऱ्याचा पाठलाग करतं, दोन्ही पाय हवेत जुळतात आणि आपण पुढे जातो. असे खड्डे आणखीही आहेत. डोक्यावर गोल धरलेले दोन्ही हात आरएडीत पाचव्या स्थितीत असतात, व्हागानोवा पद्धतीत तेच हात तिसऱ्या स्थितीत. अराबेस्क म्हणजे एका पायावर उभं राहून दुसरा मागे ताणणं; आरएडीच्या तिसऱ्या अराबेस्कात दोन्ही हात पुढे जातात, व्हागानोवाच्या तिसऱ्यात एकच. खोलीच्या दिशांना दिलेले आकडेसुद्धा वेगळे : व्हागानोवा पद्धतीत समोरची बाजू १, मग घड्याळाच्या दिशेने कोपरा, भिंत, कोपरा असं करत ८ पर्यंत, तर चेक्केत्ती पद्धतीत १ ते ४ हे कोपरे आणि ५ ते ८ या भिंती. त्यामुळे नव्या वर्गात ‘आठकडे तोंड’ ऐकून तुम्ही भलतीकडे वळला असाल तर त्यात तुमचा दोष नाही.

यावर उपाय साधा आहे. वहीत नुसतं नाव लिहू नका. नावापुढे तीन गोष्टी लिहा : सुरुवात कुठल्या स्थितीतून, पाय जमीन सोडतो का, शेवटी वजन कुठल्या पायावर. एवढं लिहिलं की कुठल्याही पद्धतीच्या वर्गात उभं राहता येतं. फ्रेंचचा वेगळा वर्ग लावायची गरज नाही. वर्गात लागणारे शब्द साठ-सत्तरच्या पुढे सहसा जात नाहीत आणि ते फ्रेंच शिकून कळण्यापेक्षा करून जास्त कळतात. तां लिएमधला ‘तां’ नाकात म्हणायचा आणि शब्दाच्या शेवटची पी, एस ही अक्षरं उच्चारायची नाहीत, एवढं पुरे.

शेजारीण मात्र थोडी चुकली. तुमचं जुनं शासे आणि तां लिए हे सख्खे भाऊ आहेत, जुळे नाहीत. आरएडीच्या शासेत दोन्ही गुडघे वाकलेले असतात आणि पाऊल घसरत जातं तसतसं वजनही त्याच्याबरोबर सरकत जातं. तां लिएत पाऊल आधी एकटं जातं. मागचा पाय वाकलेला, पुढचा पाय पूर्ण ताणून बोट जमिनीला, वजन अजून सगळं मागे. मग प्लिएतून ते पुढे जातं. म्हणजे तां लिएमध्ये एक क्षण थांबायचं असतं आणि शासेत थांबायचंच नसतं. दोन वर्षं तुमचं शरीर न थांबता जायला शिकलं. आता त्याला थांबायला सांगितलंय, आणि ते थांबून राहतंय.

त्यात भर भरतनाट्यमची. ही गोष्ट तुम्ही पत्रात ओझरती लिहिली, पण मला ती मुळाची वाटते. त्यातला नाट्टडवू आठवा. अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वाकवून अर्धं बसून, एक पाय बाजूला ताणायचा, टाच टेकवायची आणि पाय परत आणायचा. वजन पूर्ण वेळ वाकलेल्या पायावर. पाय जातो आणि घरी येतो, अंग जात नाही. वर्षानुवर्षं हजारो वेळा हे केलेल्या शरीराला ‘वाकलेल्या पायावर उभं राहून दुसरा पाय ताण’ म्हटलं की ते वजन मागेच धरून ठेवणार, कारण तिथे तीच शिस्त होती. तां लिएचा पहिला अर्धा भाग तुम्हाला बहुधा वर्गातल्या इतरांपेक्षा चांगला येत असेल. अडतं ते दुसऱ्या अर्ध्यात.

आता प्रत्यक्ष हालचाल. मोठ्यांच्या वर्गात हिची सुरुवात बहुतेक वेळा चार संथ मात्रांत पुढे आणि चार मात्रांत बाजूला अशी होते.

उजवा पाय पुढे ठेवून पाचवी स्थिती (पावलं बाहेर वळवलेली, एकापुढे एक चिकटून), अंग डाव्या पुढच्या कोपऱ्याकडे, म्हणजे क्रुआझे. हात खाली गोल. पहिल्या मात्रेला देमी-प्लिए, दोन्ही टाचा जमिनीवर. दुसरीला वजन डाव्या पायावर ठेवून उजवं पाऊल पुढे घसरतं. टाच, मग बोटांमागचा तळव्याचा फुगीर भाग सुटतो आणि शेवटी बोटाचं टोक उरतं. उजवा गुडघा सरळ, डावा अजून वाकलेलाच. याच मात्रेत हात बेंबीसमोर पहिल्या स्थितीत येतात. तिसरी मात्रा म्हणजे सगळा खेळ : उजवं पाऊल बोटाकडून टाचेकडे खाली उतरतं, गुडघा वाकतो, क्षणभर चौथ्या स्थितीचं (एक पाऊल पुढे, मध्ये अंतर) प्लिए होतं, त्यात दोन्ही टाचा जमिनीला असतात. मग मागचा पाय जमीन ढकलतो, अंग उजव्या पायावर सरळ उभं राहतं, डाव्या पायाचं फक्त बोट मागे टेकलेलं. डावा हात वर, उजवा बाजूला, मान उजवीकडे. चौथीला डावा पाय मागून पाचवीत मिटतो, प्लिए होतं, अंग समोर वळतं, डावा हात पहिल्या स्थितीत उतरतो. पुढच्या चार मात्रांत उजवं पाऊल बाजूला घसरतं, दुसऱ्या स्थितीच्या (पावलांमध्ये बाजूला अंतर) प्लिएतून वजन उजव्या पायावर जातं, डावा हात बाजूला उघडतो आणि डावा पाय पुढे मिटतो. इथून डाव्या बाजूने तेच सगळं, आणि नंतर मागच्या दिशेने उलट.

हिसका कुठे बसतो ते शोधायला बाजूने मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि त्यात पायाकडे अजिबात पाहू नका, डोक्याकडे पाहा. पहिल्या मात्रेला डोकं खाली जातं, तिसरीच्या मध्यापर्यंत खालीच राहतं आणि मग एकदाच वर येतं. तुमचं डोकं वर, पुन्हा खाली, पुन्हा वर असं होत असेल तर दुसऱ्या मात्रेला डावा गुडघा सरळ होतोय. हा या हालचालीतला सगळ्यात जास्त दिसणारा दोष. गुडघा सरळ झाला की ढकलायला काही शिल्लक राहत नाही, आणि मग पुढे जायला पुन्हा वाकावं लागतं किंवा उडी मारावी लागते. हिसका म्हणतात तो हाच.

डोकं नीट राहूनही अडखळत असाल तर कंबर बघा. पुष्कळ जणी छाती पुढे नेतात आणि बैठक मागे सोडतात. वाटतं की आपण गेलो, पण वजन बैठकीबरोबर मागेच. पुढे न्यायचा असतो तो ओटीपोटाचा भाग. खांदे त्याच्या वर आपोआप येतात.

तिसरं कारण उलटं : मागची टाच लवकर उचलली जाते. चौथ्या स्थितीच्या प्लिएत दोन्ही टाचा टेकायच्या आधीच अंग पुढच्या पायावर पडतं. पडणं ही बॅलेत स्वतंत्र पायरी (स्टेप) आहे, तिला तोंबे म्हणतात, आणि ती फार सुंदर दिसते, पण ती इथे नको. वजन कसं जातं यावरूनच या कुटुंबातल्या पायऱ्या ओळखायच्या असतात. तोंबेत ते पडतं, पिकेत सरळ ताणलेल्या पायावर थेट चढतं, ग्लिसादमध्ये जमिनीलगतच्या छोट्या उडीतून जातं, बालांसेत वॉल्ट्झच्या तीन मात्रांवर इकडून तिकडे झुलतं. तां लिएत ते दोन्ही पायांच्या मधून, जमिनीवरून जातं. बॅले रंगमंचावर स्थिरावण्याआधीच्या दरबारी नाचातही अशी एक संथ पायरी होती, तां द कुरांत नावाची. फ्यूइये या फ्रेंच नृत्यगुरूच्या १७०० सालच्या नृत्यलेखनात ती सापडते : वाकायचं, उठायचं आणि पाऊल घसरवत वजन नव्या पायावर न्यायचं.

सराव मात्र दुसऱ्या स्थितीपासून करा, चौथी नंतर. बारकडे (आधाराच्या आडव्या दांड्याकडे) तोंड करून त्यावर दोन्ही हात हलके ठेवा. ताँद्यूत, म्हणजे पाय जमिनीवरून सरळ ताणल्यावर, उजवं बोट जिथे पोहोचतं तिथे जमिनीवर चिकटपट्टीचा तुकडा लावा, डाव्या बोटाखालीही एक लावा. वजन जाऊन आल्यावर दोन्ही बोटं आपापल्या पट्टीच्या आसपासच असली पाहिजेत. पावलं जागच्या जागी आणि कमरेने प्रवास करायचा, हे पट्ट्यांमुळे डोळ्यांना दिसतं. पाऊल खूप लांब टाकण्याची सवयही त्याने मोडते, कारण वाकलेल्या पायावरून ताणलेलं पाऊल नेहमीपेक्षा पुढे पोहोचतं आणि तिथे टाच टेकवायला गेलं की अंग कोसळतं.

आणि दर वेळी शेवटी ही परीक्षा : वजन गेलं असं वाटल्यावर मागच्या पायाचं बोट जमिनीपासून एक सेंटिमीटर उचला. काहीच हललं नाही तर वजन पोहोचलं. डुगडुगलात किंवा बोट उचलायला आधी मागे कलावं लागलं तर नाही पोहोचलं. याहून स्वस्त आणि खरं सांगणारं साधन मला माहीत नाही. वर्गात बाईंना विचारण्यापेक्षा हे रोज स्वयंपाकघरात ओट्याला धरूनसुद्धा करता येतं, फक्त गालिच्यावर नको (पाऊल घसरत नाही, गुडघा पिळतो) आणि गुळगुळीत लॅमिनेटवर मोज्यांनीही नको. कापडी बॅले स्लिपर घाला.

बारजवळ दुसरी स्थिती सलग आठ वेळा डोकं न उडता जमली की एक हात बारवर ठेवून चौथी. मग मध्यावर, पण हातांशिवाय, ते खाली ठेवून. हात सगळ्यात शेवटी जोडायचे. हात आधी उघडले आणि कंबर मागून आली की नव्याने हिसका तयार होतो, आणि तो पायांचा आहे असं वाटून तुम्ही चुकीच्या जागी दुरुस्ती करत बसता. हात पहिल्या स्थितीतून उघडायला लागतात ते चौथ्या स्थितीच्या प्लिएत, आणि वजन पोहोचतं त्याच वेळी तेही पोहोचतात.

गुडघ्यांची एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण तुमच्या वयाला आणि तुमच्या पूर्वीच्या तालमीला ती लागू आहे. पाचवी स्थिती पूर्ण मिटवायच्या नादात पावलं खुब्यापेक्षा जास्त बाहेर वळली की चौथ्या स्थितीच्या प्लिएत तळव्याची कमान आतल्या बाजूला कोसळते आणि गुडघा अंगठ्याच्याही आत जातो. वजन सरकतंय त्या क्षणी असं झालं तर गुडघ्याला पीळ बसतो. गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहील इतकीच पावलं वळवा, मग पाचवी अर्धी उघडी दिसली तरी चालेल. पाचवीऐवजी तिसऱ्या स्थितीतून (पावलं एकमेकांपुढे अर्धीच) सुरुवात करू का, असं बाईंना विचारायला हरकत नाही. मोठ्यांच्या वर्गात हे सर्रास चालतं. गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखलं किंवा दुसऱ्या दिवशी सूज दिसली तर सराव थांबवून फिजिओथेरपिस्टला दाखवा.

लहानपणाच्या प्रश्नाला माझं उत्तर तुम्हाला आवडेल असं नाही. लवकर सुरुवात करणाऱ्यांना फायदा होतो, तो खुब्यांच्या फिरकीत, उडीत आणि पायाच्या उंचीत. वजन सरकवण्यात तो फार कमी असतो. रशियन शाळेत मुलं दहाव्या वर्षाच्या आसपास येतात आणि शिक्षक त्यांच्याकडून हीच तां लिए जमिनीवरची, धडाची लवण न घेता, संथ तालात पुन्हा पुन्हा करून घेतात. पाठीची लवण, मग ९० अंशांवर पाय, मग गिरक्या हे सगळं त्याच सांगाड्यावर पुढच्या वर्षांत चढतं. त्यांचा ओघ जन्मजात नसतो. त्यांना चार मात्रांतलं हेच काम कंटाळा येईपर्यंत करायला लावलेलं असतं. तुम्हाला आठवड्यातून एकच वर्ग मिळत असेल तर वेळ जास्त लागेल, एवढाच फरक.

राहिली परीक्षा. आरएडीच्या परीक्षेला कमाल वयाची अट नाही, पण नाव तिथल्या नोंदणीकृत शिक्षकामार्फतच जातं आणि परीक्षेत जुळवलेले ठरावीक व्यायाम त्यांच्याच शब्दांत विचारतात. म्हणजे परीक्षा द्यायचीच असेल तर जुना वर्ग टाळता येणार नाही. पण पत्रात तुम्ही लिहिलंय की परीक्षा हवी, कारण ‘नुसता छंद नाही हे घरच्यांना दिसेल’. इथे थोडं थांबून विचार करा. घरच्यांना दाखवायला प्रमाणपत्र लागतंय की तुम्हाला स्वतःला? घरच्यांसाठी असेल तर शनिवारचे जाऊन-येऊन ८० मिनिटं गाडी आणि शुल्क घालून ते मिळवण्याआधी एकदा त्यांना वर्ग बघायला बोलवा. स्वतःसाठी हवी असेल तर ते कारण पुरेसं आहे, आणि मग जा.

माझा कल असा : पुढचे सहा महिने नव्या बाईंकडेच राहा. जो दोष तुम्हाला अडवतोय तो त्यांना नेमका दिसलाय, आणि तो गेला की तुमचं आरएडीचं शासेही सुधारेल, कारण तिथेही मागच्या पायाने जमीन ढकलावीच लागते. परीक्षेचं सत्र जवळ आलं की आधीचे तीन-चार महिने जुन्या वर्गाला जोडून जा. दोन्ही वर्ग एकाच आठवड्यात चालवायचे असतील तर दोन्ही बाईंना सांगून चालवा. लपवून गेलात तर प्रत्येकीला तुम्ही दुसरीच्या सवयीने केलेली हालचाल म्हणजे निष्काळजीपणा वाटेल. नव्या बाईंना पुढच्या वर्गाआधी एवढंच सांगा : ‘मी आधी आरएडीत होते, तिथलं शासे जमिनीवरचं होतं, आणि त्याआधी भरतनाट्यम.’ बहुतेक शिक्षिकांना एवढ्यावरून कळतं की वजन मागे का राहतंय, आणि ‘वजन मागे राहिलं’ याच्या जागी ‘आता ढकल’ असं सांगायला त्या लागतात. तिसऱ्या मात्रेच्या सुरुवातीला तो शब्द कानावर पडला तर पाय ऐकतो.